अंगणातली टेकडी

प्रिय,

तुझा आराखडा नीट पाहिला. पुण्यातल्या त्या बंगल्यामागच्या जागेत मालकांना कासचं पठार हवंय, म्हणून तू जांभा, तेरड्याचे पट्टे, सीतेची आसवे ही रानफुलं असं सगळं मांडलंयस. रेखाटन देखणं आहे. पण त्यातलं बरंचसं पहिल्याच वर्षी मरेल. ते का मरेल, हे आधी समजून घे.

कास हा जांभ्याचा कातळ आहे. उंची सुमारे १२०० मीटर, धो धो पाऊस, धुकं आणि कातळावर मातीचा जेमतेम थर. माती निकस, नत्र कमी, म्हणून सीतेची आसवे पाण्यातले बारीक जीव पकडून जगतात. शेणखताच्या वाफ्यात लावल्यास गवत त्यांना झाकून टाकेल. तो गालिचा तिथे आहे, कारण मोठ्या झाडांना मुळं रोवायला तिथे जागाच नाही. तेव्हा डोंगराचा देखावा उचलू नकोस. माती किती खोल आहे, पाणी कुठून येतं नि कुठे थांबतं, ऊन किती वेळ पडतं, हे उचल.

आणि पुण्यासाठी कास कशाला? वेताळ टेकडीवर जा. तिथला दगड काळा, त्यावर मुरूम. उतारावर कुसळी आणि पवन्याचं गवत, मधूनच मेढशिंगी, सालई, गणेर. गणेर फेब्रुवारीत पानं गाळून पिवळाधमक फुलतो. झुडपांत धायटी बघ. तिच्या लालबुंद फुलांवर शिंजीर पक्षी येतात. हे सगळं कमी पावसात, कुणी पाणी न घालता जगतं. टेकडीवर गिरिपुष्पही बेसुमार आहे, पण ते लावलेलं, बाहेरून आलेलं झाड आहे, त्याची नक्कल करू नकोस. तसंच 'रानफुलांचं मिश्र बी' म्हणून मिळणारी पाकिटं घेऊ नकोस. त्यांत बहुतेकदा कॉसमॉस असतो. तो मूळचा मेक्सिकोचा, आणि आपल्या टेकड्यांवर पसरत चाललाय.

पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन त्या जागेत उभं राहा. पाणी जिथून वाहतं तिथे खडू किंवा खुंट्यांनी खूण कर. कागदावरच्या रेषा त्यानंतर ओढ. कुंपणाकडे दोन-तीन फूट खोल माती दे, तिथे एकच मेढशिंगी आणि तिच्याखाली करवंद. पुढे फूटभर मातीत धायटी. सगळ्यात पुढे, मुरमावर चार इंच माती, खत अजिबात नको, आणि तिथे गवत नि तेरडा. पाणी साचायला एक उथळ खळगा ठेव, पण तो तीन-चार दिवसांत मुरून कोरडा व्हायला हवा. डासाच्या अंड्यातून डास बाहेर पडायला साधारण आठवडा लागतो, तेवढा वेळ त्याला द्यायचा नाही.

दगडांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. एकाच खाणीतला दगड घे. सह्याद्रीतले लाव्हाचे थर आडवे आहेत, कड्यांवर त्यांचे पट्टे दिसतात. तुझे दगडही पालथे, आडवे, एकाच दिशेला झुकलेले ठेव, आणि प्रत्येकाचा तिसरा हिस्सा जमिनीत पूर. सुटे उभे दगड रोवलेस तर ती टेकडी वाटणार नाही.

रोपं बियांपासून वाढवणाऱ्या नर्सरीतूनच घे. डोंगरावरचं रोप उपटून आणायचं नाही, कासवरचं तर मुळीच नाही. तेरड्याचं बी स्वतः जमव. पक्व बोंडं हात लागताच फुटतात, तेव्हा पिशवी बांधून ठेव.

मालकांशी एक बोलणं मात्र टाळू नकोस. त्यांनी कास सप्टेंबरात पाहिलंय. एप्रिलमधल्या कासचा फोटो त्यांना दाखव. त्यांची बाग चार महिने हिरवी असेल, मग सोनेरी, मग करडी. हे आत्ता सांगितलं नाहीस तर मार्चमध्ये ते गवत काढून लॉन टाकतील. त्यांना लॉनच हवं असेल तर काम सोडू नकोस, दारापुढे थोडं लॉन दे आणि मागची जागा स्वतःकडे ठेव.

नवा आराखडा पाठवशील तेव्हा उतार बाणांनी दाखव, मातीची खोली इंचांत लिही, आणि झाडांची नावं सगळ्यात शेवटी भर.

तुझी,
ताई