मॅडकॅप फ्लेअर या मॅन्युअल लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या स्क्रीनशॉटची रुंदी आणि बॉर्डर एकसारखी कशी करायची?

एकेका चित्रावर राइट क्लिक करत बसू नका, तीनशे चित्रांत हात मोडेल. हे काम स्टाइलशीटचं, म्हणजे सगळ्या पानांचं रूप एकाच जागी ठरवणाऱ्या फाइलचं आहे.

स्टाइलशीट एडिटरमध्ये इमेज टॅगखाली (img) 'स्क्रीनशॉट' नावाचा क्लास, म्हणजे चित्रांना लावायचा नियमांचा संच, तयार करा. बॉर्डर १ पिक्सेल, सॉलिड, फिकट राखाडी. विड्थ ठरवू नका, मॅक्स-विड्थ १०० टक्के आणि हाइट ऑटो ठेवा. विड्थ ठोकून बसवली की छोटासा डायलॉग बॉक्स ताणला जातो आणि त्यातली अक्षरं धुरकट होतात. पीडीएफसाठी प्रिंट मीडियम (छापील रूपासाठीचे वेगळे नियम) निवडून तिथे वेगळी मर्यादा द्या. ए४ पानाला दोन्हीकडे २५ मिमी समास असेल तर १६० मिमी.

टूलबारवरच्या बारक्या आयकॉनसाठी बिनबॉर्डरचा दुसरा क्लास करा. बॉर्डर थेट इमेज टॅगलाच दिलीत तर वाक्यातल्या सेव्ह बटणालाही चौकट येते. मी हा उद्योग केलाय, मॅन्युअल अगदी शोकसंदेशांच्या पानासारखं दिसत होतं!

एवढं करूनही काही चित्रं ऐकणार नाहीत. कुणीतरी कोपरा धरून ओढलेली असतात, त्यामुळे रुंदी टॉपिकमध्येच (फ्लेअरमधल्या त्या पानातच) लिहिली जाते आणि ती स्टाइलशीटला जुमानत नाही. टेक्स्ट एडिटरमध्ये टॉपिक उघडा, इमेज टॅगमधला स्टाइलचा तुकडा काढून टाका. आधी प्रोजेक्टचा बॅकअप घ्या.

आणि स्क्रीनशॉट घ्यायच्या स्नॅगिट सॉफ्टवेअरमध्ये बॉर्डर लावत असाल तर ते आजच बंद करा. ती चित्रातच भाजली जाते, मग दुहेरी रेघ दिसते.