रिपोर्टमध्ये आकडा ठळक आलाय, कॅन्सर परत आला का?

प्रश्न: डॉक्टर, माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं होऊन दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, पण हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सीए १५-३ ही रक्ताची टेस्ट होती म्हणून करून घेतली. आधी १९, मग २७ आणि आता ३४. पुढे ठळक 'एच' छापलाय. रात्र रात्र झोप लागत नाही. लगेच पेट स्कॅन, म्हणजे अंगात कुठे कॅन्सर आहे का बघणारा स्कॅन, करून घेऊ का?

उत्तर: ताई, तो 'एच' बघून पोटात गोळा येतो हे मला माहितीये, रोज बघतो मी असे चेहरे. पण 'एच' म्हणजे कॅन्सर नाही, त्या लॅबच्या मर्यादेपेक्षा आकडा थोडा वर आहे एवढंच. बऱ्याच लॅबमध्ये ही मर्यादा ३० च्या आसपास असते, कुठे २५ पण असते.

ही टेस्ट मोजते काय, तर एमयूसी-१ नावाच्या प्रोटीनचे रक्तात सुटलेले तुकडे, आणि हे प्रोटीन निरोगी पेशींवरही असतं. त्यामुळे लिव्हरचा त्रास, अंडाशयातली गाठ, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), अगदी बी-१२ खूप कमी झालं तरी आकडा चढू शकतो. उलटही होतं, कॅन्सर असतो आणि मार्कर, म्हणजे रक्तातला हा आकडा, मात्र नॉर्मल, कारण प्रत्येक गाठ ते प्रोटीन रक्तात पुरेसं सोडतेच असं नाही. म्हणून नॉर्मल रिपोर्ट हातात आहे म्हणून नवीन गाठ अंगावर काढायची नाही, हे मी प्रत्येकीला बजावून सांगतो.

सुरुवातीच्या स्टेजचा कॅन्सर बरा झाल्यावर कुठलाच त्रास नसताना मार्कर दर थोड्या महिन्यांनी करत राहा असं गाइडलाइन्स सांगत नाहीत. कधीकधी आजार परतायच्या आधी आकडा वाढतो हे खरं, पण तो असा आधी पकडल्याने आयुष्य वाढतं असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि काळजी, स्कॅन, परत काळजी हे मात्र नक्की मागे लागतं. खरा फॉलोअप म्हणजे पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी, आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे.

आजार हाडात, लिव्हरमध्ये पसरलेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे औषध लागू पडतंय का हे बघायला सीए १५-३ किंवा सीईए हा असाच दुसरा रक्तातला मार्कर कामाला येतात, पण तेही स्कॅन आणि पेशंटच्या तब्येतीसोबत, एकटे नाहीत. तिथेही नवीन औषध सुरू केल्यावर पहिले ४ ते ६ आठवडे आकडा उगाच उसळू शकतो, तेवढ्यावरून औषध बदलायचं नसतं.

आता तुमचं. तीनदा चढत गेलाय, तेव्हा रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका, पण स्वतःहून पेट स्कॅनही करू नका. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना तिन्ही रिपोर्ट दाखवा, ते तपासतील आणि गरज वाटली तर काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये परत करायला सांगतील. हाड सतत दुखणं, धाप लागणं, न थांबणारा खोकला, कारण नसताना वजन उतरणं, कावीळ, यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता जा. आणि जाण्याआधी तिन्ही रिपोर्टवर लॅबचं नाव एकच आहे का बघून ठेवा, लॅब आणि मशीन बदललं की आकडेही बदलतात, डॉक्टर आधी तेच विचारतील.