१२३४५६७८९८७६५४३२१ : न घेतलेल्या हातच्याची किमया

आपण विचारले आहे की १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा चढत जाऊन उतरणारा येतो, हा योगायोग समजावा की त्यामागे काही कारण आहे. कारण आहे, आणि ते कागदावर डोळ्यांना दिसते.

मी ठाण्यात, नौपाड्यात, गणिताच्या शिकवण्या घेते. ही संख्या मी मुलांना संगणकावर दाखवत नाही, कारण स्प्रेडशीटमध्ये पंधराच अंक टिकतात आणि शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्ये येतात. त्याऐवजी चौकटींच्या वहीत नऊ एकांची ओळ लिहायला सांगते, तिच्याखाली एक घर डावीकडे सरकवून तीच ओळ, आणि अशा नऊ ओळी झाल्या की उभी बेरीज करायला लावते. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक येतो, दुसऱ्यात दोन, नवव्यात नऊ, आणि पुढे पुन्हा एकेक कमी होत जातो. कोणतीच बेरीज नऊच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा कुठेही घ्यावा लागत नाही.

सातवीतल्या एका मुलीने वहीतले सगळे एक मोजले, ते ८१ भरले. उत्तराच्या अंकांची बेरीजही ८१ च. हातचा नसल्यामुळे एकही एक हरवला नव्हता. दहा एकांचा वर्ग करताना मात्र मधल्या रकान्यात दहा येतात, हातचा दोनदा सरकतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे विस्कटते. तिथे वहीत एक असतात १००, पण अंकांची बेरीज होते ८२, कारण प्रत्येक हातच्यामागे दहाचा एक होऊन नऊ कमी होतात. हा हिशेब मला मूळ संख्येहूनही सुंदर वाटतो.

या संख्यांचा अभ्यास दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी केला. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, ठाण्यात माध्यमिक शिक्षण घेतलेले आणि पुढे देवळालीत शाळामास्तर झालेले कापरेकर यांना ही कल्पना जुन्या जी. आय. पी. (आताच्या मध्य) रेल्वेच्या ज्या स्थानकावर सुचली, त्याच्या नावावरून त्यांनी त्यांना डेम्लो संख्या म्हटले. ते स्थानक म्हणजे आजची डोंबिवली. आपल्याच लाइनवरचे हे नाव इथल्या मुलांना माहीत नसावे, याची मला खंत वाटते.

आपल्या संख्येचे मूळ अवयव पाडले तर ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा येतो. त्यामुळे तिला एकूण ४५ विभाजक आहेत. अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, तिला निःशेष भाग जातो आणि भागाकार १२३४५६७९ चा वर्ग येतो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्येला कापरेकरांनीच हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले.

आता भागण्याऐवजी ८१ ने गुणून पाहा. उत्तर येईल ९९९९९९९९८००००००००१, जो नऊ नवांचा, म्हणजे ९९९९९९९९९ चा, वर्ग आहे. त्याचे मधोमध दोन तुकडे करून ९९९९९९९९८ आणि ००००००००१, म्हणजे नुसता १, यांची बेरीज केली की पुन्हा ९९९९९९९९९ हातात येते. ज्या संख्येचा वर्ग असा तुटून तीच संख्या परत देतो, तिलाच कापरेकर संख्या म्हणतात.