पुस्तक घरी गेलं, पुढे काय?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. वर्गातलं गोष्टीचं पुस्तक मुलं शनिवारी घरी नेतात. पालक वहीत सही करून पाठवतात, पण पुस्तकाबद्दल मुलांशी बोलत नाहीत. बऱ्याच आयांना वाचता येत नाही. काय करावं?

उत्तर : सहीची वही आधी बंद करा. सही म्हटलं की पालकांना ती तपासणी वाटते, आणि जिला वाचता येत नाही ती आई मुलासमोर ओशाळते. तिनं वाचायचं नाहीच, ऐकायचं आहे. भाकऱ्या थापताना, शेंगा फोडताना १० मिनिटं पुरतात.

पुस्तकासोबत एकच प्रश्न द्या, तोही मुलाच्या तोंडी. चिठ्ठी हरवते, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला प्रश्न वडिलांबरोबर रानात जातो. उत्तर पुस्तकात सापडेल असा प्रश्न नको. विहिरीच्या गोष्टीवर ‘पायऱ्या किती होत्या?’ विचारलंत तर आई गप्प होते. ‘आई, तुझ्या माहेरी पाणी कुठून आणायचे?’ विचारलंत तर तिच्याकडे पुस्तकाहून जास्त सांगण्यासारखं असतं. ‘तात्पर्य काय’ तर मुळीच नको. ते मुलं गोष्ट न वाचताही सांगतात.

सोमवारचा पहिला तास सुरू करताना चार-पाच मुलांना आईनं काय सांगितलं ते सांगू द्या. अहिराणीत, लमाणीत, घरी जसं बोलणं झालं तसंच. त्यातलं एक वाक्य फळ्यावर लिहून सगळ्यांकडून वाचून घ्या. बहुतेक उपक्रम इथेच बंद पडतात : पुस्तक घरी जातं, घरचं बोलणं मात्र वर्गात परत येत नाही, मग घरीही कुणी विचारेनासं होतं.

पालकसभेत भाषणाऐवजी एक आई आणि तिचं मूल समोर बसवून ५ मिनिटं करून दाखवा. आईवडील ऊसतोडीला गेले असतील तर आजी-आजोबांना सांगा.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. वाचताना मी चूक सुधारली की पुस्तक मिटून उठतो.

उत्तर : अडला की मनात पाचपर्यंत मोजा. तरी जमलं नाही तर शब्द तुम्ही सांगा आणि पुढे जाऊ द्या. प्रत्येक शब्द फोडून वाचायला लावला की वाक्याचा अर्थ हातून सुटतो. ‘गेला’ऐवजी ‘गेलाय’ वाचलं तर सोडून द्या, अर्थ तोच आहे. एका पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर ते पुस्तक सध्या जड आहे. ते तुम्ही वाचून दाखवा, चित्रांवर त्याला बोलू द्या, आणि बाईंकडून सोपं मागून घ्या. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर पातळीनुसार मराठी गोष्टी मोफत मिळतात, त्यातली पहिली पातळी घ्या.