पहिला फिल्टर पिवळाच घे

कृष्णधवल फिल्मवर फोटो काढण्यासाठी लेन्सवर लावायच्या रंगीत फिल्टरांचा अख्खा संच घेऊ नकोस. सुरुवातीला एकच पुरे, पिवळा. आकाश जरा गडद होतं, ढग उठून येतात, चेहरेही बिघडत नाहीत.

नियम एकच: फिल्टर स्वतःच्या रंगाच्या वस्तू उजळ करतो, विरुद्ध रंगाच्या गडद. लाल फिल्टर कोणाकडून उसना मिळाला तर निरभ्र दिवशी जुन्या गोव्यात जा. बॉम जीझस बॅसिलिकाच्या भिंती उघड्या चिऱ्याच्या, तांबूस. लाल फिल्टरने त्या फिकट होतात आणि मागचं निळं आकाश काळपट पडतं. तीच फ्रेम फिल्टर काढून पुन्हा घे आणि दोन्ही प्रिंट शेजारी ठेव. फरक असा डोळ्यांत भरतो की पुन्हा विसरणार नाहीस.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडू द्यायचा प्रकाश. पिवळ्याला साधारण १ स्टॉप वाढव, गडद लालला ३ (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट). कॅमेऱ्याचा मीटर लेन्समधूनच प्रकाश मोजत असेल तर मात्र वेगळं वाढवायचं नाही.
- पावसाळ्यातलं पांढरं आभाळ. त्यात निळा रंगच नाही, लाल फिल्टर काय करणार?

लालने माणसं टिपू नकोस, ओठ फिके पडतात. माडांसाठी हिरवा छान, पण तो नंतर. आधी पिवळ्यावर दोन-तीन रोल संपव.