जखमी कुत्रीच्या उपचारांसाठी मुदत ठेव मोडावी का?

गोव्यातील फोंड्याच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे. कुंडईच्या औषध कारखान्यात त्यांची नोकरी असून हातात पगार ३६,००० रुपये येतो. घरखर्च २४,००० रुपये आहे आणि छप्पर बदलण्यासाठी दरमहा ५,००० रुपयांची आवर्ती ठेव चालू आहे. घरात वयस्क आई आहे, आणि गाठीला १,६०,००० रुपयांची एकच मुदत ठेव आहे, जी चार महिन्यांनी पूर्ण होईल. शेजाऱ्याने तारेने बांधून ठेवलेली एक कुत्री त्यांनी घरी आणली आहे. तार मानेच्या मांसात रुतलेली, मागचा पाय मोडलेला, त्यात गोचीडतापाची शंका, आणि डॉक्टरांचा अंदाज ५५,००० रुपयांचा.

ताई, उपचार जरूर करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र त्यासाठी ठेव मोडू नये. बँक ठेवीच्या तारणावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे लागेल तेवढीच रक्कम उचलता येणारे कर्ज, देते. त्याचा व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक ते दोन टक्के जास्त असतो आणि व्याज केवळ उचललेल्या रकमेवर, तेवढ्याच दिवसांचे लागते. म्हणजे पूर्ण ५५,००० रुपये आजच उचलले, तरी चार महिन्यांत या फरकापोटी जाणारी रक्कम ४०० रुपयांच्या आत राहील. ठेव मोडल्यास बहुतेक बँका दरात अर्धा ते एक टक्का कपात करतात, आणि ती सबंध १,६०,००० रुपयांवर लागू होते. क्रेडिट कार्डाचे हप्ते किंवा सोनेतारण यांचा विचारही करू नये.

शिवाय ही रक्कम एकदम लागणारही नाही. आधी तार काढून जखम साफ करणे, रक्ततपासणी, एक्स-रे आणि गोचीडताप निघाल्यास डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा साधारण चार आठवड्यांचा क्रम, एवढेच तातडीचे असते. या तापात प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, घटतात, त्यामुळे रक्त सुधारल्याशिवाय हाडाची शस्त्रक्रिया करणे धोक्याचे ठरू शकते. म्हणून डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याचा लेखी अंदाज मागावा, आणि पाय जुना मोडलेला असेल तर प्लेट बसवण्याऐवजी तो काढणे हिताचे आहे का, हेही निःसंकोच विचारावे. तीन पायांवर कुत्री चांगली वावरतात, हे ऐकायला कठोर वाटले तरी खरे आहे. रेबीजची लस गोव्यात मोहिमेतून मोफत दिली जाते आणि नसबंदी प्रकृती सावरल्यावर करता येईल.

मला खरी काळजी आहे ती पुढच्या दहा-बारा वर्षांची. आहार, गोचिडांवरचे औषध, वार्षिक लसीकरण आणि अधूनमधूनचे आजारपण धरून दरमहा ३,५०० रुपये बाजूला ठेवावे लागतील, असे मी गृहीत धरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्वचेचे आजार बळावतात, तेव्हा यात काटकसर होणार नाही. तुमच्याकडे दरमहा ७,००० रुपये उरतात, म्हणजे राहिलेल्या ३,५०० रुपयांतून हे ५५,००० भरून यायला सुमारे १६ महिने लागतील. तोवर तुमच्यापाशी साडेसहाऐवजी सव्वाचार महिन्यांचा घरखर्च शिल्लक असेल. आई घरात असताना ही जोखीम लहान नाही, म्हणून गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेच्या कार्डाचे नूतनीकरण झाले आहे का, ते याच आठवड्यात पाहावे. छपराची आवर्ती ठेव मात्र कोणत्याही कारणाने थांबवू नये. हा हिशेब जड वाटत असेल, तर बरी झाल्यावर कुत्रीला चांगले घर शोधून देणे यात काहीही कमीपणा नाही. उपचार करणे आणि आयुष्यभर सांभाळणे हे दोन निर्णय वेगळे आहेत.

श्वानविम्यावर भिस्त ठेवू नका, कारण आधीपासूनची दुखापत आणि आजार त्यात सहसा वगळलेले असतात. कोणी मदत देऊ केली, तर ती थेट दवाखान्याच्या बिलात भरायला सांगावी. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम तुमच्या खात्यात आली, तर ती करपात्र उत्पन्नात धरली जाते.

राहिला शेजारी. तो तोंडी ‘घेऊन जा’ म्हणाला आहे, पण कुत्री स्वखुशीने दिल्याचे त्याच्या सहीचे दोन ओळींचे पत्र घ्यावे, नाहीतर पैसे तुमचे आणि मालकी त्याची, अशी स्थिती व्हायची. प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि त्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपयेच आहे. प्राण्याला कायमचे जायबंदी करणे मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येते आणि त्याला पाच वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. प्राणी जप्त झाल्यास २०१७ च्या नियमांनुसार देखभालीचा खर्च आरोपीकडून घेता येतो, पण कुत्री तुमच्याकडे स्वखुशीने आली असल्याने तो पैसा हिशेबात धरू नये. तक्रार करायची असो वा नसो, जखम शिवण्यापूर्वीची छायाचित्रे, डॉक्टरांचे लेखी प्रमाणपत्र आणि तुमच्या नावाची बिले जपून ठेवावीत.