बुडापेस्टची पातळी बघू नका, काउब आणि फेलिंग बघा

तुमची पोस्ट वाचली. सप्टेंबरअखेर अ‍ॅमस्टरडॅम ते बुडापेस्ट अशी चौदा रात्रींची क्रूझ, कंपनीचं पत्र की ‘नदीच्या पातळीमुळे कार्यक्रमात बदल संभवतो’, एजंट म्हणतोय काही होत नाही, तुम्ही रोज बुडापेस्टची पातळी बघताय आणि आता रद्द करावं का असं विचारताय. ही कोंडी मला चांगली ओळखीची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. केबिन कुठली, डेक कुठला वगैरे सोडून देतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. एक आधीच सांगतो, मी वकील नाही आणि विमा सल्लागारही नाही. तुमचा करार आणि तुमची पॉलिसी जे म्हणेल तेच शेवटी खरं.

आधी पातळीचं. आपण चढतो किंवा उतरतो त्या शहराची पातळी बघणं ही या विषयातली सगळ्यात सर्रास चूक आहे. नौका अडते ती वाटेतल्या एखाद्या उथळ टप्प्यात, आणि तो टप्पा अमुक नदीवर कुठे आहे हे आधीपासून ठरलेलं असतं. तुमच्या मार्गावर असे दोन आहेत. पहिला मध्य ऱ्हाइनवर, कोब्लेन्झ आणि माइन्झच्या दरम्यान, काउब इथे. इफेत्सहाइमच्या खाली जर्मनीत ऱ्हाइनवर एकही बंधारा नाही, त्यामुळे तिथे जेवढं पाणी वरून येतं तेवढंच असतं. दुसरा डॅन्यूबवर श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे सत्तर किलोमीटरचा मोकळा वाहणारा भाग. त्याचा गेज, म्हणजे पाण्याची पातळी मोजणारी पट्टी, फेलिंगला आहे. मधली माइन नदी (३४ लॉक, म्हणजे नौका वर-खाली करणारे पाण्याचे दरवाजे) आणि माइन-डॅन्यूब कालवा (१६ लॉक) बंधाऱ्यांनी अडवलेली आहेत, तिथे पाणी कमी पडण्याची भीती जवळजवळ नाही. डॅन्यूबवर पुढे मेल्क ते क्रेम्स हा वाखाउचा टप्पा आणि व्हिएन्नाच्या पूर्वेचा टप्पाही मोकळे आहेत, आणि गाब्चिकोवोच्या खाली हंगेरीत पाणी पुन्हा उथळ होऊ शकतं. पण कार्यक्रम मोडतो तो बहुतेक वेळा फेलिंगपाशी.

आता आकडा कसा वाचायचा. गेजचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. तो एका ठरावीक शून्यापासून मोजलेला असतो आणि ते शून्य तळाशी नसतं. काउबला ७७ सेंटीमीटर ही संदर्भ पातळी आहे आणि त्या पातळीला नौकामार्गात १.९० मीटर खोली धरतात. म्हणजे आजचा आकडा घ्या, त्यातून ७७ वजा करा, आणि जो फरक येईल तो १९० मध्ये मिळवा. आकडा ५० असेल तर खोली साधारण १६३ सेंटीमीटर. ऑक्टोबर २०१८ मध्ये काउबचा आकडा २५ पर्यंत गेला होता. बातम्यांमध्ये ‘ऱ्हाइनमध्ये फक्त २५ सेंटीमीटर पाणी’ असं छापून आलं आणि लोक घाबरले, पण मार्गात तेव्हाही सुमारे १.३८ मीटर पाणी होतं. फेलिंगला संदर्भ पातळी २९० आणि तिथली खोली साधारण २ मीटर. आकडा २६० झाला की राहिले १.७० मीटर.

तुमच्या मार्गावरच्या मोठ्या नौका १३५ मीटर लांब आणि ११.४५ मीटर रुंद असतात. पाण्याखाली त्या साधारण दीड मीटर किंवा थोड्या जास्त असतात, आणि तळाखाली वीस-तीस सेंटीमीटर मोकळे ठेवावेच लागतात. शिवाय उथळ पाण्यात नौका जितकी वेगाने जाते तितकी ती खाली बसते. म्हणून कप्तान वेग उतरवतो, आणि तिथेच वेळापत्रकातला एखादा थांबा गळतो.

बरेच जण विचारतात, मालवाहू बार्ज (सपाट तळाच्या मालनौका) जातात मग क्रूझ का नाही? बार्ज माल कमी भरते आणि वर येते. क्रूझ नौकेत उतरवण्यासारखं फारसं काही नसतं, तिचं वजन म्हणजे तिचं स्वतःचं पोलाद आणि फर्निचर. एवढ्या आकाराची नौका एक सेंटीमीटर वर यायला अंदाजे १४ टन उतरवावे लागतात. १९० प्रवासी सामानासकट उतरवले तरी दीड सेंटीमीटरही पदरात पडत नाही. बॅलस्टचं (नौकेचा तोल राखायला टाक्यांत भरलेलं) पाणी सोडून, इंधन आणि पिण्याचं पाणी कमी भरून शंभर टन काढले तर सात सेंटीमीटर मिळतात. कप्तान हे सगळं करतातच, पण त्यापुढे हातात काही राहत नाही. त्यामुळे ‘प्रयत्नच केला नाही’ असा राग त्यांच्यावर काढू नका.

पाणी जास्त झालं तर प्रकार वेगळा. तेव्हा अडचण तळाची नसते, पुलाची असते. कालव्यावरच्या पुलांखाली ६ मीटर मोकळी जागा आहे. नौकेचं व्हीलहाउस (कप्तानाची सुकाणूची खोली) खाली घेतात, सन डेकचे कठडे आणि मांडव आडवे करतात, प्रवाशांना डेकवरून उतरवतात आणि गरज पडली तर बॅलस्टचं पाणी भरून नौका मुद्दाम खाली बसवतात. नदीला पूर आला की नियमानेच वाहतूक थांबते. कोलोनला ६.२० मीटरला पहिली खूण: वेग कमी, नौका पात्राच्या मधोमध. ८.३० मीटरला दुसरी खूण, वाहतूक पूर्ण बंद. काउबला याच खुणा ४.६० आणि ६.४० मीटरवर आहेत. डॅन्यूबवर प्रत्येक गेजला अशी कमाल पातळी ठरलेली आहे. त्यात कप्तानाचं मत कोणी विचारत नाही.

ठरवताना हा फरक कामाला येतो. पूर बहुधा काही दिवसांत ओसरतो. उन्हाळा-शरदातलं कमी पाणी आठवडेच्या आठवडे टिकतं, २०१८ मध्ये तर ते महिनोन्‌महिने रेंगाळलं. पत्र पुरामुळे आलं असेल आणि निघायला दहा दिवस असतील तर मी स्वस्थ बसेन. कमी पाण्यामुळे आलं असेल आणि आल्प्स व बव्हेरियात दमदार पावसाचा अंदाज नसेल, तर बसप्रवास होणार असं धरूनच तयारी करा. एखादी सर आली की आकडा दोन दिवस उडी मारतो आणि पुन्हा बसतो, त्यावर विसंबू नका. ऱ्हाइनसाठी जर्मन जलविज्ञान संस्थेचा सहा आठवड्यांचा अंदाज उपलब्ध आहे. त्यात एकच रेघ नसते, शक्यतेचा पट्टा असतो. पट्ट्याचा वरचा काठही तुमच्या नौकेच्या गरजेखाली असेल तर नौका तिथून जाणार नाही असंच धरा.

अडलं तर कंपनी काय करते? सगळ्यात चांगली सोय म्हणजे नौकांची अदलाबदल. त्याच कंपनीची तशीच दुसरी नौका उलट दिशेने येत असते. एक रेगेन्सबुर्गच्या बाजूला थांबते, दुसरी पासाउला. सामान कर्मचारी हलवतात, तुम्ही सुमारे १२० किलोमीटर बसने जाता आणि बहुधा त्याच क्रमांकाच्या केबिनमध्ये झोपता. यात एखादा दिवस जातो, सहल जात नाही. काउब आणि फेलिंग दोन्ही बंद असतील तर दोनदा बदल, म्हणजे तीन नौका. पण हे जमायला कंपनीकडे एकसारख्या बऱ्याच नौका हव्यात. एक-दोन नौका असलेल्या किंवा नौका भाड्याने घेऊन चालवणाऱ्या कंपनीकडे ही सोय नसते. तिथे मग धक्क्याला बांधलेली नौका हॉटेल होते आणि रोज दोन-तीन तास बस. म्हणून एजंटला ‘पाणी कमी होईल का’ हे विचारून उपयोग नाही. विचारा: त्या आठवड्यात उलट दिशेने तुमची कुठली नौका येतेय, ती आमच्यासारखीच आहे का, आणि गेल्या वेळी फेलिंगला अडलं तेव्हा काय केलंत? उत्तर ई-मेलवरच घ्या.

आता रद्द करण्याबद्दल. भीती वाटते म्हणून आपणहून रद्द केलंत तर रद्दीकरणाचं शुल्क तुमच्या माथी, आणि विमाही भीतीसाठी पैसे देत नाही. कंपनीने बदल लेखी जाहीर करेपर्यंत थांबा. युरोपीय संघात विकलेल्या पॅकेजला २०१५/२३०२ हा निर्देश लागू होतो. त्यानुसार निघण्याआधी मुख्य स्वरूपात मोठा बदल झाला तर विनाशुल्क रद्द करता येतं. निघाल्यावर ठरलेली सेवा मिळाली नाही तर त्या प्रमाणात किंमत कमी मागता येते, कंपनीचा दोष नसला तरीही. वेगळी भरपाई मात्र नैसर्गिक कारण असेल तर नाकारता येते. तुम्ही युरोपबाहेरून बुकिंग केलं असेल तर हे आपोआप लागू होईल असं धरू नका, तिथे करारातलं कलम आणि तुमचा स्थानिक कायदा बघा. बहुतेक करारांत ‘पाण्याच्या पातळीनुसार बस किंवा हॉटेलची पर्यायी व्यवस्था’ असं वाक्य असतंच.

आणि आता ज्यात बरेच पैसे बुडतात ते. शेवटच्या दिवशी रिसेप्शनवर एक कागद पुढे येतो, पुढच्या सहलीवर सवलतीचं व्हाउचर, खाली सही. लोक दमलेले असतात, टॅक्सी उभी असते, सही करून मोकळे होतात. त्या कागदावर ‘यापुढे कोणताही दावा राहणार नाही’ अशा अर्थाची ओळ असेल तर किंमत कमी मागण्याची वाट बंद होऊ शकते. व्हाउचर घ्या, पण ती ओळ वाचल्याशिवाय सही करू नका. ओळ असेल तर ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणा.

त्याहून मोठी चूक म्हणजे नौका कधी आणि का चालली नाही याचा दाखला न घेता उतरणं. विमा कंपनीचा दावा विभाग पहिल्यांदा हाच कागद मागतो, आणि घरी आल्यावर क्रूझ कंपनीचा ग्राहक कक्ष तो देत नाही. एका दावा विभागाचं (नाव घेत नाही) उत्तर मला पाठ आहे: ‘नौका रद्द झालेली नाही, निवास आणि भोजन मिळालेलं आहे, सबब प्रवासात खंड नाही.’ ग्राहक कक्षाकडे जा, तर ते म्हणतात तांत्रिक माहिती नौकेकडे असते. नौकेचा हंगाम संपलेला, कप्तान घरी गेलेला. दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मुदत उलटते. लोकांनी आयुष्याची पुंजी घालून केलेल्या सहली असतात या, आणि एका शिक्क्यासाठी त्यांना असं झुलवणं मला अजिबात पटत नाही.

म्हणून दाखला नौकेवरच घ्यायचा, उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी, क्रूझ मॅनेजर किंवा हॉटेल मॅनेजरकडून. त्यात नौकेचं नाव, कुठल्या तारखांना नौका चालली नाही, त्याऐवजी बस की हॉटेल, ठरलेल्या किती रात्रींपैकी किती रात्री प्रत्यक्ष जलप्रवास झाला, आणि कारण: अमुक गेजवर अमुक पातळी. खाली सही-शिक्का. ‘हवामानामुळे’ एवढंच मोघम लिहू देऊ नका, कारण पॉलिसीत हवामान आणि पातळी या वेगळ्या गोष्टी असू शकतात. रोज केबिनमध्ये येणारं कार्यक्रमपत्रक फेकू नका, सगळी जपा. गेजच्या आलेखाचे फोटो त्या त्या दिवशीच काढून ठेवा. जर्मन जलमार्ग खात्याच्या पेगेलऑनलाइन या संकेतस्थळावर मागचा साधारण महिनाभराचाच तपशील दिसतो, नंतर तो शोधत बसावं लागतं.

विमा अजून घेतला नसेल तर आता घेतलेली पॉलिसी बहुधा या प्रसंगाला लागू होणार नाही, कारण पत्र आल्यावर ती ‘माहीत असलेली घटना’ ठरते. आधीच घेतला असेल तर ‘मार्गबदल’ किंवा ‘न झालेला थांबा’ असं स्वतंत्र कलम आहे का ते शोधा. नुसतं ‘प्रवास रद्द’ असेल तर कमी पाण्यात ते फारसं कामाचं नाही.

विमानाचं तिकीट बुडापेस्टहून परतीचं असेल तर ते राहू द्या, कारण हंगेरीत अडलं तरी कंपनी ब्रातिस्लाव्हा किंवा व्हिएन्नाहून बसने बुडापेस्टला आणते. मात्र उतरण्याच्याच दिवशी सकाळचं विमान नको, दुपारनंतरचं घ्या. जाताना एक दिवस आधी पोहोचा, नौका अ‍ॅमस्टरडॅमऐवजी दुसऱ्याच धक्क्यावर उभी असू शकते. औषधं, चार्जर, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, कारण अदलाबदलीच्या दिवशी मोठी बॅग सकाळी जाते ती संध्याकाळीच भेटते. बसमध्ये मळमळत असेल तर गोळ्या बरोबर असू द्या.

तारीख बदलायची मुभा मिळाली तर माझा कल मे ते जुलैच्या मध्यापर्यंत. आल्प्सचा बर्फ वितळत असतो, ऱ्हाइनला पाणी बऱ्यापैकी असतं. डॅन्यूबला मात्र जूनमध्ये पूर येऊ शकतो, जून २०१३ मध्ये पासाउला १२.८९ मीटर पाणी चढलं होतं. नदी बदलायची मुभा असेल तर मोझेल किंवा ऱ्होन बघा, दोन्ही बंधाऱ्यांनी बांधलेल्या आहेत, कमी पाण्याचा त्रास क्वचित. एल्बेच्या वाटेला मात्र, अगदी उथळ तळाची खास नौका नसेल तर, जाऊ नका.

तुमच्या नौकेचं नाव आणि निघण्याची तारीख इथे टाका. उलट दिशेची नौका कुठली असेल ते कंपनीच्या छापील वेळापत्रकावरून काढता येतं, ते मी बघून सांगतो.